भाजणी, अस्करी आणि ४४वी जमात

कालचीच गोष्ट आहे आणि डोकं अजून तापलेलंच आहे. मॉलचं नाव घेत नाही. नैरोबीतला एक मोठा चकचकीत मॉल, एवढं पुरे. परत जायचंय तिथे.

सासूबाई पुण्याहून आल्यात. माझ्या एका मैत्रिणीसाठी त्यांनी २ किलो थालीपिठाची भाजणी आणलीय, ती द्यायला मॉलमध्ये भेटायचं ठरलं. दारावर अस्करीने, म्हणजे इथल्या सिक्युरिटी गार्डने, पर्स बघितली, आईंची शाल बघितली, मग आईंच्या हातातली पिशवी बघितली आणि त्याचा चेहरा एकदम पडला. लक्ष्मी रोडच्या दुकानाचं नाव छापलेली, खडखडीत, पिवळी प्लास्टिकची कॅरीबॅग. चेकइनच्या बॅगेत साड्यांच्या घडीत दडून आलेली, त्यामुळे विमानतळावर कुणाच्या नजरेला पडली नव्हती.

तपासणीबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. २०१३ साली इथल्या वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला, ६७ माणसं गेली, तेव्हापासून गाडीखाली आरसा फिरवतात, डिकी उघडायला लावतात, अंगावरून ते कुईकुई करणारं यंत्र फिरवतात. करा बाबांनो. आणि प्लास्टिकबंदीबद्दलही नाही. २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात कॅरीबॅग बंद म्हणजे बंद, दंड ४० लाख शिलिंगपर्यंत नाहीतर ४ वर्षांपर्यंत आत. आपल्याकडे २०१८ मध्ये बंदी आली, तरी भाजीवाला इकडेतिकडे बघून गाडीखालून पिशवी काढतोच ना, तसलं इथे चालत नाही. (आईंना हे मी फोनवर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, एका पिशवीने काय होतंय!")

तर अस्करी अत्यंत नम्रपणे म्हणाला, सॉरी मामा (स्वाहिलीत मामा म्हणजे आई, बाईमाणूस), पिशवी आत जाणार नाही. भाजणी? भाजणी जाऊ दे की आत, भाजणीचा काही प्रॉब्लेम नाही. म्हणजे पिशवीशिवाय भाजणी न्यायची. ओंजळीत? पदरात? तो इतका गोड बोलत होता की भांडणच सुरू होईना. आपल्याला भांडायला समोरच्याने निदान आवाज तरी चढवावा लागतो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक काका पुढे सरकले. सत्तरीच्या पुढचे, स्वेटर, काखेत पेपर. "बेन, टेन्शन ना लो. हुं वात करुं छुं."

आता बघा, या काकांना कुणी बोलावलं नव्हतं. पण त्यांनी केस हातात घेतली. अस्करीशी स्वाहिलीत, आईंशी गुजरातीत, माझ्याशी हिंदीत, आणि आम्हा सगळ्यांना वैताग आला की इंग्लिशमध्ये. अस्करीशी बोलतानाचा सूर मात्र आपल्या सोसायटीतले काका वॉचमनला लावतात तोच. मला ते आवडलं नाही, अस्करीलाही आवडलं नसणार, पण तो "येस म्झे, नो म्झे" (म्झे म्हणजे वडीलधारा माणूस) करत जागचा हलला नाही. काका म्हणाले, अरे, हे नुसतं पीठ आहे, उंगा! अस्करीने वाकून वास घेतला, धणे-जिरे नाकात गेले, सणसणीत शिंकला आणि विचारलं, उजी करतात का याची? उजी म्हणजे इथली नाचणीची वगैरे पेज. मी आईंना सांगायला नको होतं पण सांगितलं. आई म्हणाल्या, "पेज? पाच धान्यं खमंग भाजून दळलीयेत म्हणावं, पेज काय करतोय!" हेही काकांनी भाषांतर करून पोचवलं. अस्करी म्हणाला, व्हेरी गुड, मामा. पण पिशवी नाही.

मग काकांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "आम्ही इथली ४४वी जमात आहोत, सरकारने मान्यता दिलीय!" हे खरं आहे, इथल्या भारतीय वंशाच्या मंडळींना २०१७ च्या जुलैमध्ये दिलीय. म्हणजे जुलैत जमात झाले आणि ऑगस्टमध्ये पिशवी गेली. अस्करीने अभिनंदन केल्यासारखी मान हलवली आणि पिशवीसाठी हात पुढे केला.

हरले काका. पण गप्प बसले नाहीत. बाजूच्या कट्ट्यावर बसले, पेपर उघडला, श्रद्धांजलीची पानं बाजूला काढून खिशात घातली ("आमचे एक ओळखीचे गेलेत, ही नको") आणि खेळाच्या पानावर भाजणी ओतायला लावली. त्यानंतर जे झालं ते मात्र मी बघतच राहिले. चौकोनी कागद, एक कोपरा आत, अंगठ्याने दाबून गोल फिरवला, तळाशी पीळ, वरची टोकं एकात एक खोचली. दोरा नाही, चिकटपट्टी नाही. दाण्याएवढी भाजणी सांडली नाही. १९०१ मध्ये रेल्वे किसुमूला पोचली, तिच्या मागोमाग त्यांचे आजोबा तिकडे गेले, दुका म्हणजे दुकान टाकलं, आणि काकांनी शाळेतून आल्यावर तिथे मीठ-साखरेच्या पुड्या बांधल्या, त्या बोटांतून अजून गेलेल्या नाहीत. हा सगळा इतिहास पुडीगणिक थोडाथोडा मिळत होता आणि रांग आमच्याभोवतून वळसा घालून जात होती.

याच वेळात एक गोरा पोरगा पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन आला. सॅक उघडली? नाही. यंत्र एकदा वरून खाली, गुड आफ्टरनून सर, वेलकम सर. सॅकच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्या लटकत होत्या. बाटली चालते, मला माहितीये. पण सॅक उघडायला काय जात होतं? आमच्या पिठाचा वास घेतला, ते बाँब नाही हे शिंकून सिद्ध केलं, आणि तो पोरगा सुटाबुटातही नव्हता हो, चपला घालून आलेला. आमच्या मागे एक केनियन बाई होती, कुणाच्या तरी घरी काम करणारी असावी, हातात मालकिणीचं बाळ. तिच्या डायपरच्या बॅगेतलं एकन् एक बाहेर काढलं. ती काही बोलली नाही. काकाही तिच्या बाजूने काही बोलले नाहीत. मी तरी कुठे बोलले.

आत गेलो तर सुपरमार्केटमध्ये ढोबळी मिरची. तीन रंगांच्या तीन, थर्माकोलच्या ताटलीत, वरून प्लास्टिकचा पापुद्रा ताणून बसवलेला. आईंनी मिरचीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे बघितलं.

काकांनी जाताना एक पुडी हक्काने ठेवून घेतली, "टेस्ट करवा". थालीपीठ कसं लावायचं हे आईंनी त्यांना कॉफीशॉपच्या दारात हातवारे करून शिकवलं, मधोमध भोक पाडायचं यावर विशेष भर देऊन. वेटरला वाटलं दोघं डोनट मागतायत.

मैत्रीण तासाभराने आली. ट्रॅफिक. बरोबरच आहे, मॉलमध्ये भेटायचं ठरलं तेच ट्रॅफिकमुळे, आणि मॉलमध्ये यायलाही ट्रॅफिकच लागला. आईंनी टेबलावर एकेक पुडी मांडली, मुलाखतीला बसवल्यासारखी. तिने वास घेतला, डोळ्यांत पाणी वगैरे आलं, आईंना मिठी मारली. मग सगळ्या पुड्या छातीशी कवटाळायचा प्रयत्न करत म्हणाली, "अगं, एखादी पिशवी आहे का?"

आई इतक्या मोठ्याने हसल्या की दारावरच्या अस्करीने वळून बघितलं. मला नाही आलं हसू. पार्किंगचा फुकट वेळ केव्हाच संपला होता.