किल्ली कोणाच्या खिशात होती?

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पंधरा दिवसांत चौथ्यांदा आला. मथळा: ‘एनडीपीएस कायद्याची पाच कटू सत्यं, मुलांना जरूर वाचायला द्या.’ एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा. सत्यं अशी. माल तुमच्याजवळ सापडला की गुन्हा सिद्ध, ‘मला माहीत नव्हतं’ला कोर्टात कवडीची किंमत नाही. पकडलेल्याच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर असला की तुम्ही कटात. त्याने तुमचं नाव घेतलं की तुम्ही साथीदार. खोली भाड्याने दिली असेल तर घरमालकही आत. आणि अपील म्हणजे वेळकाढूपणा, सुटतात ते फक्त ‘टेक्निकल पॉइंट’वर.

मी फोर्टच्या सेशन्स कोर्टात एनडीपीएसची कामं करते, बहुतेक बचावाच्या बाजूने. माझा कल कुठे आहे ते आधीच सांगितलेलं बरं. असले मेसेज मी एरवी वाचून पुढे सरकते. हा सोडला नाही तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांमुळे. परवा त्यांना फोन आला, ‘तुमच्या आधारवर बुक झालेल्या पार्सलमध्ये एमडी ड्रग सापडलंय, व्हिडिओ कॉलसमोरून हलायचं नाही.’ काका दीड तास हलले नाहीत. काकूंनी माझी बेल वाजवली, मी खाली जाऊन फोन कट केला. पैसे गेले नाहीत, पण बँकेचं पासबुक टेबलावर उघडं होतं. निवृत्त हेडमास्तर माणूस, इतका कसा घाबरला? तर म्हणाले, “अगं, सापडलं की संपलं ना! ग्रुपवरच वाचलं मी.” ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार कुठल्याही कायद्यात नाही. भामट्यांचा धंदा चालतो तो या ‘सापडलं की संपलं’वरच.

तर पहिलं सत्य. ते निम्मं खरं आहे आणि म्हणून जास्त घातक आहे. १९८५च्या या कायद्याच्या कलम ३५ नुसार, ज्या गुन्ह्याला दोषी मन लागतं तिथे ते मन कोर्टाने गृहीत धरायचं. हेतू, माहिती, माहिती असण्याला कारण असणं, सगळं त्यात आलं. ते नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. कलम ५४ म्हणतं, ताब्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही तर गुन्हा केला असं मानता येईल. खुनाच्या खटल्यातसुद्धा आरोपीवर सुरुवातीलाच इतकं ओझं नसतं.

पण हे गृहीतक हवेत उभं राहत नाही. २००८च्या नूर आगा निकालात सुप्रीम कोर्टाने ही दोन्ही कलमं घटनेला धरूनच आहेत असं सांगितलं आणि त्याच निकालात आरोपीला सोडलं. पाया सरकारने रचायचा, तोही वाजवी संशयापलीकडे: माल होता, तो अमली पदार्थच होता, तो याच्या ताब्यात होता, आणि जप्त झाला तोच लॅबमध्ये गेला. एवढं झालं की मग आरोपीची पाळी. त्याने किती सिद्ध करायचं? कलमाची भाषा कडक आहे, पण नूर आगात कोर्टाने आरोपीसाठी माप ठेवलं ते शक्यतेच्या पारड्याचं. त्याचं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं तरी पुरे.

आणि ताबा म्हणजे नुसतं जवळ असणं नव्हे. निकालांमधला शब्द आहे जाणीवपूर्वक ताबा. दोन जुने निकाल शेजारी ठेवून वाचावेत. २००२च्या अवतार सिंग प्रकरणात माणसं वाहनात मागे पोस्ताच्या, म्हणजे अफूच्या बोंडांच्या, गोणींवर बसलेली सापडली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, गोणीवर बसला म्हणजे गोणी त्याची झाली असं नाही. शिवाय आरोपीचा जबाब घेताना ताब्याबद्दलचा नेमका प्रश्नच कोणी विचारला नव्हता. सुटले. पुढच्याच वर्षी मदन लाल प्रकरणात एका खासगी गाडीतून चाललेल्या माणसांकडे चरस सापडलं. सगळे एकमेकांच्या ओळखीचे, एकत्र का निघाले याचा खुलासा कोणाकडेच नाही. सगळ्यांची शिक्षा कायम. दोन्हीकडे माणसं मालाच्या इतकीच जवळ. फरक पडला तो आजूबाजूच्या गोष्टींनी.

या आजूबाजूच्या गोष्टी कोर्टात कशा दिसतात ते बाहेरच्यांना माहीत नसतं. मुद्देमाल उघडतात तेव्हा शिपाई ब्लेडने लाखेचं सील कापतो, खाकी पाकिटातून प्लॅस्टिकची पिशवी निघते, तिच्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, कधी वास, कधी नुसता दमटपणा. सगळ्यांचं लक्ष त्या पुडीवर. मी बघते ती पुडी ज्या बॅगेत होती ती बॅग. एका कामात पंचाला मी विचारलं, बॅगेला कुलूप होतं? होतं. उघडलं कशाने? साहेबांनी उघडलं. कशाने उघडलं? पंच गप्प. पंचनामा चार पानी, त्यात बॅगेचा रंग, कंपनी, चाकं, सगळं होतं, किल्ली नव्हती. कुलूप तोडल्याचंही नव्हतं. मग बॅग याच्या शेजारी होती एवढंच उरलं, आणि रेल्वेच्या डब्यात शेजारी बऱ्याच बॅगा असतात. दुसऱ्या एका कामात किल्ली माझ्याच अशिलाच्या पाकिटात निघाली, बॅगेचं अस्तर हाताने पुन्हा शिवलेलं होतं, आणि तिकीट दुसऱ्याच्या नावाचं होतं. तिथे ‘माहीत नव्हतं’ म्हणताना मलाच अवघडल्यासारखं झालं. शिक्षा झाली, आणि ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

मनातलं कोणी बघितलेलं नसतं. ते असंच किल्ली, शिवण, तिकिटावरून काढायचं असतं, दोन्ही बाजूंनी.

दुसरं सत्य, मोबाइलमधल्या नंबरचं. कलम २९ जे चिथावणी देतात किंवा कटात असतात त्यांना मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा देतं, गुन्हा प्रत्यक्षात घडला नाही तरी. कलम भयंकर आहे यात शंका नाही. पण त्यातल्या ‘अपप्रेरणे’चा अर्थ जुनाच आहे, पूर्वी दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये होता, आता न्याय संहितेच्या ४५ मध्ये: चिथावणे, कट करणे, किंवा हेतुपुरस्सर मदत करणे. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द फॉरवर्डवाला गिळून बसला. कुर्ला टर्मिनसवरून पॅसेंजर घेतला, डिकीत त्याच्या गोणी टाकल्या, मीटरने भाडं घेतलं, तर टॅक्सीवाल्याने गांजाच्या वाहतुकीला मदत केली खरी, पण अपप्रेरणा केली नाही. त्याच टॅक्सीवाल्याने मीटर न टाकता पाचपट पैसे घेतले असतील, आठवड्यात तिसऱ्यांदा त्याच माणसाला त्याच गल्लीत सोडलं असेल आणि नाकाबंदी दिसताच गाडी वळवली असेल, तर मी त्याचं वकीलपत्र घेताना विचार करीन.

फोनचा सीडीआर, म्हणजे कंपनीकडची कॉलची नोंद, सांगतो कोणी कोणाला, कधी, किती सेकंद आणि कुठल्या टॉवरवरून फोन केला. काय बोलले ते सांगत नाही. क्रूझवरच्या ड्रग्ज प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा हेच म्हटलं: एकाच जहाजावरून चाललेत एवढ्यावर कट होत नाही, चॅटमध्ये तसं आक्षेपार्ह काही नाही. तो जामिनाचा आदेश होता, अपिलाचा निकाल नव्हे, हे विसरू नये. पण अपिलातही कटाबद्दल हाच प्रश्न विचारला जातो: एकमत झाल्याचा पुरावा कुठे आहे? चॅट असेलच तर इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून त्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते सक्तीचं आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात पक्कं केलं. मात्र चॅटमध्ये भाव आणि वजन असेल, त्याच संध्याकाळी तेवढीच रक्कम यूपीआयने आली असेल, तर नंबर ‘नुसता’ राहत नाही.

तिसरं सत्य एके काळी जवळजवळ खरं होतं, म्हणून त्याचा राग येत नाही. एनसीबी, डीआरआय, कस्टम्स या केंद्रीय यंत्रणांचे अधिकारी कलम ६७ खाली जबाब घ्यायचे, त्यात कबुली असायची, कबुलीत चार नावं असायची, आणि त्यावर वर्षानुवर्षं शिक्षा झाल्या. २९ ऑक्टोबर २०२० ला तोफान सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक बहुमताने सांगितलं की हे अधिकारी पोलिसच मानायचे आणि त्यांच्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालणार नाही. अनेक अपिलांच्या फायलींमधून सगळ्यात जाड कागद गळून पडला. सहआरोपीची ग्राह्य कबुली असली तरी ती दुसऱ्या पुराव्याला टेकू देण्यापुरती, हे तर १९५०-६०च्या दशकांपासून ठरलेलं आहे. त्याने नाव घेतलं आणि तुमच्याकडे झडतीत काहीतरी सापडलं, तर गोष्ट वेगळी. नुसतं नाव म्हणजे तपासाची सुरुवात.

घरमालकांचं सत्य दोन ओळींत. कलम २५ ला जाणूनबुजून जागा वापरू देणं लागतं. रजिस्टर केलेला करार आणि पोलिस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती ठेवा, आणि खोलीतून रात्री-अपरात्री रीघ लागली असेल तर डोळे झाकू नका.

आता अपील. आधी कबुली: जामिनाच्या बाबतीत फॉरवर्डवाल्याशी माझं भांडण नाही. कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे एमडीएमए १० ग्रॅम, हेरॉइन २५० ग्रॅम, गांजा २० किलो, यापुढे गेलं की कलम ३७ लागतं आणि आरोपी दोषी नाही असं मानायला कारण आहे, असं कोर्टाला आधीच वाटावं लागतं. माणसं आर्थर रोडला वर्षं काढतात आणि मग निर्दोष सुटतात. ती वर्षं कोणी परत देत नाही.

पण अपील उपचार नाही. उच्च न्यायालय पुरावा पहिल्यापासून पुन्हा वाचतं, पंचाच्या उलटतपासासकट. शिक्षा झाल्यावर अपील चालू असताना ती स्थगित करताच येणार नाही असं कलम ३२अ म्हणत होतं. २००० साली दादू विरुद्ध महाराष्ट्र सरकार खटल्यात सुप्रीम कोर्टाने तेवढा भाग रद्द केला. कलम ३७ची चाळण राहिली, दार मात्र उघडलं.

‘टेक्निकल’ या शब्दाने माझं डोकं फिरतं. अंगझडतीआधी ‘गॅझेटेड अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे सांगणं, मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढणं, कलिन्याच्या लॅबला गेलेल्या पाकिटाचं सील आणि पंचनाम्यातलं सील एक असणं, याला लोक टेक्निकल म्हणतात. कायदा जर पुडीवरून माणसाचं मन गृहीत धरणार असेल, तर ती पुडी तीच आहे आणि तिथेच सापडली, हे पक्कं नको? गृहीतक जितकं जड, पाया तितका घट्ट लागतो.

मुंबईचंच एक जोडपं २०१९ मध्ये दोह्याच्या विमानतळावर पकडलं गेलं. नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यात सुमारे चार किलो चरस निघालं, दहा वर्षांची शिक्षा झाली. इकडे एनसीबीच्या तपासात त्यांना फसवून ते पुडकं दिल्याचं पुढे आलं. वरच्या कोर्टाने प्रकरण पुन्हा ऐकायला लावलं आणि २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटली. कायदा तिथला, पण प्रश्न तोच होता: माहीत होतं का?

हे सगळं मी काकांना चहा पिता पिता सांगितलं. त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. काकू इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भाची पुढच्या आठवड्यात दुबईला चाललीय. तिच्याबरोबर अनारसे द्यायचे होते गं लेकीला.”

“खसखस लावलीय?”

“खसखशीशिवाय अनारसा असतो का?”

खसखस म्हणजे अफूच्याच बिया. आपल्या कायद्यात पोस्ताच्या व्याख्येतून बिया वगळल्या आहेत, म्हणून तुमच्या-माझ्या डब्यात खसखस असते. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. काकूंना तसं सांगितलं.

“मला काय माहीत!” काकू म्हणाल्या.

“आत्तापर्यंत नव्हतं,” मी म्हटलं.