१२ फूट २ इंच

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "आई-बाबा आलेत भारतातून, आरव्ही भाड्याने घेऊन फिरवावं म्हणतोय. कुणाला अनुभव आहे का?" (आरव्ही म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी.) मग खाली भराभर उत्तरं येतात. कॅम्पग्राउंड कुठलं घ्यावं, भाडं किती पडतं, गाडीतल्या शेगडीवर पोळ्या होतात का. रस्ता कसा शोधायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. त्यात विचारण्यासारखं काय आहे, फोन आहेच की हातात.

मला त्या फोनबद्दलच लिहायचं आहे. थोडं लांबेल, पण यंदा आरव्ही घेणार असाल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमची पहिली ट्रिप न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्स डोंगरांची. २८ फुटी गाडी, सासू-सासरे, दोन मुलं आणि आम्ही दोघं. फोन डॅशबोर्डवर, त्यावर रोज ऑफिसला जाताना वापरतो तेच ॲप. जॉर्ज वॉशिंग्टन पूल जवळ आला तसं ॲपने सांगितलं की इकडून वळा, ८ मिनिटं वाचतील. वळलो. दोन्ही बाजूंना झाडी, ट्रक नाहीत, गर्दी नाही. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, किती सुंदर रस्ता आहे. तो पॅलिसेड्स पार्कवे होता. ट्रक दिसत नव्हते कारण ट्रकना तिथे मनाई आहे. आरव्हीलाही मनाई आहे. 'फक्त प्रवासी मोटारी' अशी पाटी होती, पण अनोळखी वळणावर मोठी गाडी सांभाळताना ती आमच्या डोक्यात शिरेपर्यंत आम्ही आत होतो.

नवऱ्याने समोरचा बुटका पूल बघितला आणि गाडी कडेला घेऊन थांबवली. मागून पोलिसांची गाडी आली. त्यातल्या पोलिसाने पहिला प्रश्न विचारला, "गाडीची उंची किती?"

गाडीत आम्ही सहा जण होतो आणि सहांपैकी एकालाही सांगता आलं नाही. मी कप्प्यातून भाड्याचे कागद काढले, त्यात शोधलं तेव्हा सापडलं : १२ फूट २ इंच. त्यांनी मागची वाहतूक थांबवली, आम्हाला रिव्हर्समध्ये बाहेर काढलं आणि दंडाचं तिकीट दिलं. मुलं पूर्ण वेळ गप्प होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. टपावरचा एसी आणि त्याच्या खाली बसलेली माणसं, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

न्यूयॉर्क आणि आसपासचे हे पार्कवे मोटारीतून रमतगमत फिरायला म्हणून बांधले गेले, त्यामुळे त्यांच्यावरचे पूल बुटके आहेत. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर तर ८ फुटांच्या वर उंचीचं वाहन चालत नाही. बॉस्टनमध्ये स्टॉरो ड्राइव्हवर दरवर्षी १ सप्टेंबरच्या सुमारास विद्यार्थी घरं बदलतात आणि सामानाचे ट्रक पुलाखाली अडकतात. हे इतक्या नेमाने होतं की तिथल्या लोकांनी त्याला 'स्टॉरोइंग' असं क्रियापद करून टाकलं आहे. ते ट्रक चालवणारी मुलं मूर्ख नसतात. त्यांच्या हातात मोटारीसाठी केलेलं ॲप असतं आणि ते त्यांना मोटारीचा रस्ता दाखवतं.

नेमकं इथेच सगळं आहे. गूगल मॅप्स असो, ॲपल मॅप्स असो, ही रोजची ॲप्स आपल्या वाहनाची उंची विचारतच नाहीत. ती वेळ वाचवतात. त्यांच्या हिशेबी तुम्ही साडेपाच फूट उंचीची मोटार आहात आणि तुमच्याकडे गॅसची टाकी नाही.

टाकीवरून बाल्टिमोर. हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आपल्यातले बहुतेक जण वॉशिंग्टन दाखवायला आय-९५ महामार्गानेच खाली उतरतात. आरव्हीत स्वयंपाक, गरम पाणी आणि हीटर प्रोपेन गॅसवर चालतात. बाल्टिमोरला खाडीखालून दोन बोगदे आहेत, आय-९५वरचा फोर्ट मॅकहेन्री आणि आय-८९५वरचा हार्बर टनेल. १० पौंडांपेक्षा जास्त प्रोपेनची टाकी असेल तर दोन्हींत प्रवेश नाही, आणि आरव्हीची टाकी सहसा त्याहून मोठीच असते. पूर्वी अशा गाड्या शहराभोवतीचा आय-६९५ धरून फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. २६ मार्च २०२४ च्या पहाटे मालवाहू जहाज धडकून तो पूल कोसळला. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. बातमी आपण सगळ्यांनी बघितली, पण त्यानंतर आरव्हीवाल्यांचा रस्ता बदलला हे किती जणांना ठाऊक आहे? आता आय-६९५च्याच पश्चिमेकडच्या अंगाने शहराला वळसा घालावा लागतो. रोजचं ॲप हे सांगणार नाही. ते तुम्हाला सरळ बोगद्याच्या तोंडाशी नेऊन उभं करेल.

आम्ही तो वळसा घातला, कारण दुसऱ्या ट्रिपच्या आधी नवऱ्याने आरव्हीसाठीचं ॲप घेतलं. 'आरव्ही लाइफ', 'कोपायलट', 'सायजिक' अशी काही आहेत. वर्गणी भरावी लागते. त्यात उंची, लांबी, रुंदी, वजन आणि प्रोपेन आहे की नाही हे एकदा भरलं की रस्ता त्याप्रमाणे निघतो. गार्मिनची आरव्हीसाठी वेगळी यंत्रंही मिळतात, ती आणखी महाग. वर्षातून एकदा जाणाऱ्याला हा खर्च जिवावर येतो, मलाही आला होता. पण टप फाटला तर भाड्याच्या विम्यात ते बसतंच असं नाही, तुमचा करार जरूर वाचा.

ॲप टॅबलेटवर टाकायचं ठरलं. मोठा पडदा, बाजूला बसून मला नीट दिसेल. घरात मुलांचा आयपॅड पडून होता, तोच घेतला. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ पार्कच्या डोंगरात शिरलो, रेंज गेली आणि नकाशावरचा आमचा निळा ठिपका जागचा हलेना. मला वाटलं इंटरनेट नाही म्हणून. पण जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते थेट उपग्रहाकडून येतं. आमच्या आयपॅडमध्ये जीपीएसच नव्हतं! फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये ते बसवलेलं नसतं. सिमकार्डवाल्या मॉडेलमध्ये असतं, आणि त्यात सिम घातलं नाही तरी चालतं. हे दुकानात कुणी सांगत नाही. टॅबलेट घेणार असाल तर आधी हे बघा. आणि नकाशे घरून निघतानाच उतरवून घ्या, कारण नॅशनल पार्कमध्ये रेंज मिळेल या भरवशावर राहता येत नाही. ॲरिझोना-नेवाडाकडे जाणार असाल तर उन्हाचाही विचार करा. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपलच सांगते. काचेमागे जुलैचं ऊन लागलं की तो तापतो, पडदा मंदावतो आणि नेमक्या वळणावर बंद पडतो. आम्ही तो आता एसीच्या झरोक्यासमोर लावतो.

त्याच ट्रिपमध्ये, तिथल्या स्कायलाइन ड्राइव्ह या रस्त्यावर, मेरीज रॉक बोगदा लागला. त्याची उंची १२ फूट ८ इंच. आमची गाडी १२ फूट २ इंच. सहा इंच शिल्लक! आदल्या रात्री दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवले होते, तरी आत शिरताना मी श्वास धरून बसले होते. सासरे शांतपणे म्हणाले, "लिहिलंयस ना, मग जाईल." गेली.

पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी तर आकडे पाठच करावेत. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर अॅव्हलांच ते रायझिंग सन या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही, म्हणजे भाड्याच्या बहुतेक आरव्ही बाद. युटातल्या झायन नॅशनल पार्कमध्ये १९३० सालचा बोगदा आहे. पूर्वी पैसे भरले की समोरची वाहतूक थांबवून मोठ्या गाड्या मधोमध सोडत. पार्कने जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच गाड्यांना तो रस्ता बंद करायचं ठरवलं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राचा सल्लाही आता चालणार नाही. पार्कची स्वतःची माहिती निघण्याच्या आठवड्यात पुन्हा बघायची.

आता माझी तक्रार. अमेरिकेत २०२१ च्या पाहणीत १ कोटी १२ लाख कुटुंबांकडे आरव्ही होती. भाड्याने घेणारे वेगळेच. एवढ्या माणसांसाठी रोजच्या ॲपमध्ये उंचीची एक चौकट का नाही? माहिती नाही असं कुणी म्हणू नये. १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली, त्यानंतर देशभरच्या पुलांची तपासणी सुरू झाली. आज सरकारकडे ६ लाखांहून जास्त पुलांची नोंद आहे, त्यात पुलाखाली किती उंची मिळते हेही असतं, आणि ही नोंद सर्वांना खुली आहे. ट्रकवाल्यांच्या ॲपना जे जमतं ते बाकीच्यांना जमणार नाही?

आणि वाहनाप्रमाणे रस्ता बदलणं ही काही नवलाई नाही. डिसेंबर २०१७ मध्ये गूगल मॅप्सने भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला. पुण्यातल्या माझ्या भावाच्या स्कूटरला तिच्या सोयीची गल्ली दाखवता येते. नंतर भारतातल्या काही शहरांत चारचाकीला अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोयही आली. गरज ओळखली की होतं. मग सहा माणसं घेऊन निघालेल्या १२ फुटी गाडीची गरज कुणी ओळखायची? फुकट ॲपमध्ये हे असायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण वर्गणीचं ॲप घ्यायला हवं हेच पहिल्यांदा जाणाऱ्याला माहीत नसतं, आणि धोका सर्वांत जास्त त्यालाच असतो. भाड्याने देणाऱ्यांनीही टॉयलेटची टाकी कशी रिकामी करायची हे अर्धा तास शिकवण्यातली पाच मिनिटं उंची आणि प्रोपेनवर घालवावीत.

ते होईपर्यंत आमच्या घरी असं चालतं. आदल्या रात्री कॅम्पग्राउंडच्या बाकावर टॅबलेट मांडून उद्याचा पूर्ण रस्ता बोटाने फिरून बघायचा, आणि आरव्हीचं ॲपही चुकू शकतं म्हणून शंका आलेला पूल उपग्रहाच्या चित्रात तपासायचा. गाडी चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही, ते काम शेजारच्याचं. वाटेत ॲपने नवा, जवळचा रस्ता सुचवला तर तो घ्यायचा नाही, आधी थांबायला जागा शोधायची. पाटी आणि ॲप वेगळं सांगत असतील तर पाटीचं ऐकायचं. आणि समोरच्या सन-व्हायझरवर चिकटपट्टी लावून जाड पेनाने उंची लिहायची. भाड्याची गाडी दर वेळी वेगळी असते, म्हणून आकडाही दर वेळी नव्याने. धाकटी ते लिहिते आणि निघण्याआधी गाडीतल्या प्रत्येकाकडून म्हणून घेते, आजी-आजोबांकडूनसुद्धा.

यंदा कुणी पहिल्यांदाच जाणार असेल तर खाली लिहा, कुठून कुठे आणि गाडी किती उंच. शनिवारी संध्याकाळी मी मोकळी असते, फोनवर बसून आपण तुमचा रस्ता एकत्र बघू.