पहिल्या भेटीत छाप पडली, आता दुसऱ्या भेटीचं काय?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे भाग मशिनवर करून द्यायच्या धंद्यात रोज नवी माणसं भेटतात, त्यावरनं सांगूलोय. पहिल्या भेटीत समोरच्याला खूश करणारी पोरं आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात भरपूर आहेत, पण दुसऱ्या तिसऱ्या भेटीत ते टिकवणारी फार कमी. सगळे टिप्स देतात त्या पहिल्या भेटीच्याच, शर्ट कुठला घालायचा, हात कसा मिळवायचा. पुढचं कोण सांगतच नाही.

1946 साली सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लोकांना एका माणसाचं वर्णन ऐकवलं, हुशार, मेहनती, उतावळा, टीका करणारा, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला तेच सहा शब्द उलट्या क्रमानं. ज्यांनी ‘हुशार’ आधी ऐकलं त्यांचं मत चांगलं झालं, ‘मत्सरी’ आधी ऐकलेल्यांचं बिघडलं. म्हणजे सुरुवातीला वजन आहे हे खरंच. पण त्या प्रयोगात तो माणूस कुणाला परत भेटणार नव्हता, आणि आपल्याला तर पुढच्या आठवड्यात त्याच केबिनमध्ये जाऊन बसायचं असतंय.

आता आपल्याकडची गोष्ट घ्या. हुबळीचा नाहीतर गोकाकचा पर्चेसवाला आला की आपली पोरं ‘नमस्कार्री सर, आराम अदीरी?’ (बरे आहात ना?) असं कन्नडमधनं म्हणतात आणि तो लगेच खुलतो, कारण इथं भाषेवरनं इतकी वर्षं काय चाललंय हे दोघांनाही ठाऊक असतंय, त्यात मराठी माणूस आपणहून कन्नडमधनं बोलला की बरं वाटतंच. पण दुसऱ्या खेपेलाही तेच दोन शब्द आणि मग सरळ हिंदी. तिसऱ्या खेपेला त्याला कळतं की एवढंच पाठ केलेलं आहे. मला हे खरंच लागतं. मराठी माझ्या आईची भाषा आहे, तिच्यावरचं प्रेम कन्नडची चार वाक्यं जास्त शिकल्यानं तसूभर कमी होत नाही. एका पोराला मी बघितलंय, दर भेटीत कस्टमरलाच विचारायचा की सर हे कन्नडमध्ये कसं म्हणायचं, माल उद्या सकाळी निघेल, रेट एवढाच बसतोय, आणि पुढच्या वेळी ते वाक्य वापरून दाखवायचा. चुकला की साहेब दुरुस्त करायचे. काही दिवसांनी साहेबच त्याला ‘बरं, चालतंय की’ म्हणायला लागले, मराठीत!

दुसरं म्हणजे, पहिल्या भेटीत उठता उठता आपण जे बोलतो, ‘फोटो पाठवतो’, ‘रेट बघून सांगतो’, ते आपण विसरतो आणि समोरचा लक्षात ठेवतो. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून विस्मरण मोजलं, अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली तर पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त गेलेली. कामाचं बोलणं तितकं अर्थहीन नसतं, तरी बाहेर आल्यावर गाडी चालू करायच्या आधी मोबाईलमध्ये दोन ओळी लिहा, काय द्यायचं कबूल केलं आणि त्याची अडचण काय होती. कबूल केलेलं दुसऱ्या भेटीच्या आधी पोचलं पाहिजे, भेटीत नको. घरची चौकशी करायची तर एखादीच, सगळं आठवून आठवून विचारलं की माणूस अवघडतो.

आपल्या बेळगावी कुंद्याचा, मिठाईचा बॉक्स पहिल्यांदा न्या, छान. दरवेळी नेला तर त्याचा हिशोब व्हायला लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या भेटीत एखादी ‘नाही’ सांगता आली पाहिजे. सॅम्पल पीस सगळेच घासून पुसून देतात, साहेब मापं घेतो ती पुढच्या लॉटची. पहिल्यांदा सगळ्याला हो म्हणणं चालून जातं, पण नंतर ‘सर हे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आमच्या मशिनवर येणार नाही, बाकीचं देतो’ असं सरळ सांगणाऱ्याच्या ‘हो’ला किंमत येते. ऑर्डर थोडी कमी मिळेल, मिळू दे.

पुण्याला, बेंगळूरला इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरांनो, तुम्हालाही हेच. सेकंड राउंडला परत तीच पाठ केलेली ओळख म्हणू नका, ती ऐकून झालीय म्हणूनच तर परत बोलावलंय. पहिल्या राउंडला जिथं अडला होता ते काढा, कुणी विचारलं नाही तरी, ‘सर, परवा कटिंग स्पीडचं उत्तर अर्धं राहिलं होतं, मी बघून आलोय, सांगू का?’