हशासाठी सोडलेली जागा

जुने विनोदी सिनेमे संथ असतात, असं परवा एका मैत्रिणीनं लिहिलं होतं. जूनपर्यंत मलाही तसंच वाटायचं. आता अजिबात पटत नाही. का ते सविस्तर लिहिते.

जूनमध्ये एका रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाइलवर ‘लाखाची गोष्ट’ लावला. १९५२ चा सिनेमा. राजा परांजपे यांचं दिग्दर्शन, गदिमांची लेखणी आणि राजा गोसावी. महिन्याभरात एक लाख रुपये उडवून दाखवायचे, अशी अट. कल्पना किती भारी! तरी चाळीस मिनिटांत बंद केला. वाक्य संपलं की नट नुसता उभा राहतोय, समोरचा त्याच्याकडे बघतोय, पुढचं वाक्य काही येईना. कानात हेडफोन, अंधारी खोली, आणि मी एकटी.

मग ऑगस्टमधला तो शनिवार. तीन दिवस संततधार, पंचगंगेचं पाणी चढत चाललेलं, दर तासाला कुणीतरी राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतंय. बाहेर पडायची सोय नाही. शेजारच्या वैनी दोन्ही पोरींना घेऊन आमच्याकडे आल्या. मामा म्हणजे माझे सासरे, आत्ती म्हणजे सासूबाई, नवरा, अकरावीतलं पोरगं, सगळे बाहेरच्या खोलीत. मामाच म्हणाले, “राजा गोसावीचं काय असलं तर लाव की.” मी तोच सिनेमा टीव्हीवर लावला आणि भज्यांकडे वळले.

पहिला विनोद झाला आणि मामा हसले. मामांचं हसू छातीतून उठतं, खांदे हलतात, शेवटी खोकल्यावर जातं, मग आत्ती पाठीवर हात फिरवतात. मी झारा हातात घेऊन दारात उभी होते. मामा हसताहेत, वैनी हसताहेत, पोरी मामांकडे बघून हसताहेत, आणि पडद्यावर नट तसाच उभा. खोलीतला आवाज खाली बसला आणि त्यानं पुढचं वाक्य टाकलं. एक शब्द बुडाला नाही. कढईतला घाणा करपला, पण मी तिथून हलले नाही.

जूनमध्ये मला जो रिकामा वेळ वाटला होता, ती आमच्या हसण्याची जागा होती. ती मोकळी सोडलेलीच होती, मी एकटी असल्यामुळे ती भरायला कुणी नव्हतं.

“थेटरात ह्याच्यापेक्षा जास्त वेळ लागायचा,” मामा म्हणाले. “मॅटिनीला पिटातल्या शिट्ट्याच थांबायच्या न्हाईत.”

त्या पिढीतले कितीतरी नट रंगभूमीवरून आले होते. दामुअण्णा मालवणकर बालमोहन नाटक मंडळीत अत्र्यांच्या नाटकांतून कामं करायचे. नाटकात हशा आला की नट थांबतो, हशा उतरायला लागला की वाक्य उचलतो. समोर माणसं असतात, कानाला कळतं. पण स्टुडिओत समोर फक्त कॅमेरा. सहा महिन्यांनी कुठल्यातरी गावात लोक किती हसतील, याचा अंदाज धरून तिथं थांबायचं, आणि तो अंदाज सत्तर वर्षांनी कोल्हापुरातल्या एका घरात बरोबर बसायचा. याला मी कारागिरी म्हणते. सोनाराच्या तोलाची.

आणि हे आपल्याच गावात घडलंय. ‘ब्रह्मचारी’ १९३८ चा, मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्सचा, कोल्हापूरचा. लेखन अत्र्यांचं. मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख सगळ्यांना ठाऊक आहे, कारण लेखांत तेवढंच येतं. पण ब्रह्मचर्याचं व्याख्यान ऐकून पेटून उठलेला औदुंबर आणि त्याच्यासमोर येणारी किशोरी, हा सगळा गोंधळ आपल्यातल्या किती जणांनी सलग बघितलाय? आपण खरी कॉर्नरचा, इथल्या सिनेमाची आठवण म्हणून उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो, सिनेमा मात्र दाखवत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पोराचंच सांगते. ‘अशी ही बनवाबनवी’ची निम्मी वाक्यं त्याला पाठ होती, सगळी रीलमधून. पिक्चर बघितलेलाच नव्हता. गणपतीच्या सुट्टीत पहिल्यांदा सलग बघितला आणि मधेच म्हणाला, “म्हणजे खोली मिळत नाही म्हणून हे सगळं चाललंय?” अरे, तेच तर! पुण्यात जागा नाही, मालकीणबाईंना जोडपीच हवीत, म्हणून दोघांना साड्या नेसाव्या लागतात. अडचण खरी आहे म्हणून हसू येतं. रील वाक्य संपलं की कापतं. त्यानंतर पहिले घरमालक झालेल्या सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायला मिळतच नाही. आणि एका ॲपवर तर बरोबर तिथंच जाहिरात घुसवतात.

आत्तींचं माहेर पुण्याचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर ‘चिमणराव’ लागायचं तेव्हा वाड्यातल्या एकाच टीव्हीसमोर पंचवीस माणसं बसायची. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. “मागच्यांना ऐकू यायचं नाही, मग पुढचे वळून सांगायचे,” आत्ती म्हणाल्या. त्याच प्रभावळकरांचे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा आम्ही आता रोज जेवताना बघतो, एक भाग, जास्त नाही. पोरगं ताट घेऊन आपल्या खोलीत जायचं, ते आता बाहेर बसतंय.

कॉमेंटमध्ये कुणीतरी नक्की म्हणेल की प्रिंट खराब असते, आवाज खरखरतो. खरंय. पहिली दहा मिनिटं त्रास होतो, मग कान सरावतो. तुमच्याकडे वेळ नसेल तर निम्माच बघा, उरलेला दुसऱ्या दिवशी. पण खोलीत चार माणसं असू द्या, त्यात एक म्हातारं माणूस आणि एक शाळेतलं पोर असलं तर फारच उत्तम.

येत्या शनिवारी आमच्याकडे ‘ब्रह्मचारी’ आहे. वरच्या मजल्यावरचेही येतो म्हणालेत, त्यामुळे भज्यांचं पीठ दुप्पट भिजवायला लागणार.