चारचे तीन कधी झाले?

आज दुपारी दारातून आणखी दोन पाकिटं आत पडली. खिडकीवाली, पांढरी, मागे लंडनमधल्या आमच्या कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा पत्ता. आत दंडाची पत्रं. म्हणजे एकूण पाच झाली. पाचही एकाच रस्त्याची, एकाच बस लेनची (ठरलेल्या वेळात फक्त बससाठी राखलेली लेन), आणि पाचही वेळा दुपारी तीन वाजून सात-आठ मिनिटांची.

सात वर्षं मी कामावरून थेट लेकाच्या शाळेत याच रस्त्याने जाते. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझी पाळी. निळी पाटी तोंडपाठ: सोम ते शनि, सकाळी ७ ते १०, दुपारी ४ ते ७. शाळा सव्वातीनला सुटते, त्यामुळे चारचा प्रश्नच कधी आला नाही. सात वर्षांत या लेनचा एकही दंड नाही. आणि गेल्या महिन्यात कुणीतरी शिडी लावून ती पाटी उतरवली आणि त्याच खांबावर, त्याच उंचीला, त्याच निळ्या रंगाची दुसरी लावली. सगळं तेच. फक्त ४ चा ३ झाला.

एक आकडा! सात वर्षं रोज दिसणारी पाटी माणूस वाचत नसतो हो. तिच्याकडे बघायचंच सोडलेलं असतं, कारण पुढे झेब्रा क्रॉसिंग असतं, शाळेची पोरं असतात, डावीकडून सायकलवाला येत असतो. तिथे नजर असावी की खांबावर? पाण्याचा पाइप खणायचा असतो तेव्हा दोन आठवडे आधी रस्त्याच्या तोंडाशी पिवळा बोर्ड येतो, त्यावर तारीख असते, वेळ असते. मग लेनची वेळ बदलताना तोच पिवळा बोर्ड का नाही ठेवला?

फोन केला. पाऊण तास थांबल्यावर उत्तर मिळालं की नोटीस रीतसर दिली होती. स्थानिक वर्तमानपत्रात आणि ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात. कोण वाचतं ‘लंडन गॅझेट’? आमच्या गल्लीत स्थानिक वर्तमानपत्र शेवटचं कधी पडलं ते मला आठवत नाही. आणि म्हणे खांबावरही कागद लावला होता. संध्याकाळी जाऊन बघितलं. आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पट्टीने खांबाला आवळलेला, आत पाणी शिरून शाई पसरलेली, अक्षर मुंगीएवढं. तो फुटपाथवर उभं राहून वाचायचा. दंड होणार गाडीवाल्याला, आणि सूचना चालणाऱ्याला!

पण माझा खरा संताप याच्यावरही नाही. चूक झाली, मान्य. पहिल्या सोमवारची चूक माझी, त्याचे पैसे घ्या. पण ते पहिलं पत्र माझ्या हातात पडलं तेराव्या दिवशी, शनिवारी. मधल्या काळात मी काय करणार होते? जे सात वर्षं करत आले तेच. कॅमेऱ्याने पहिल्याच दिवशी माझा नंबर टिपला होता. मग तेरा दिवस ते गप्प का बसले? दुसऱ्या दिवशी कळवलं असतं, तर बुधवारपासून मी उजव्या लेनने गेले असते आणि बस सुखाने गेली असती. तुम्हाला बस वेळेवर हवी आहे ना? मग मला लवकर थांबवा! मला पाचदा जाऊ देऊन बसचं काय भलं झालं? पुण्यातही आता ई-चलन येतं, सगळे शिव्या घालतात, पण निदान मोबाईलवर मेसेज तरी येतो.

दंडाची रक्कम बघा. एप्रिल २०२५ पासून लंडनमध्ये १३० चे १६० पौंड झाले. चौदा दिवसांत भरले तर निम्मे, म्हणजे ८०. पाच पत्रांचे ४००. आमचा महिन्याचा किराणा. नाही पटलं तर लवादाकडे जा म्हणतात. पण तिथे गेलं की सवलत गेली, हरलात तर पूर्ण १६०, पाचाचे ८००. बाजू बरोबर असली तरी पोटात गोळा येतो, आणि माणूस मुकाट ८० भरून टाकतो. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक घरात हे झालेलं आहे.

लंडनबाहेर २०२२ मध्ये कौन्सिलांना नो एंट्री, बॉक्स जंक्शन (चौकातल्या पिवळ्या जाळीत थांबणं) यांच्यावर कॅमेऱ्याने दंड करायची मुभा मिळाली, तेव्हा सरकारनेच सांगितलं की नव्या ठिकाणी पहिले सहा महिने पहिल्या चुकीला फक्त ताकीदपत्र द्या. म्हणजे ही अक्कल या देशात आहे! मग लंडनच्या बस लेनमध्ये तीच माणुसकी का नको?

बसला माझा विरोध आहे असं कुणी म्हणू नका. लेक पोटात असताना मी बसनेच कामाला जायचे, आणि लेनमध्ये गाड्या घुसल्या की मीच चिडायचे. डिसेंबर २०२० मध्ये टीएफएलने, म्हणजे लंडनच्या वाहतूक संस्थेने, आपल्या मोठ्या रस्त्यांवरच्या बस लेन प्रयोग म्हणून चोवीस तास केल्या आणि पुढच्या डिसेंबरमध्ये कायम केल्या. मला ते मनापासून पटलं. चोवीस तास म्हणजे चोवीस तास, संपलं, लक्षात ठेवायला काही नाही. पण आमच्याकडे एका रस्त्यावर ७ ते १०, पुढच्या वळणावर ७ ते ७. बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, पाटीवर वेगळं काही लिहिलं नसेल तर लेन चालूच. लंडनमध्ये ३२ बरो, प्रत्येकाचं कौन्सिल वेगळं, आणि वर सिटी ऑफ लंडन. एका चौकात हद्द बदलली की मोटारसायकलला लेन चालते की नाही तेही बदलतं.

आणि एकट्या लेनचं कुठे आहे? २०२० मध्ये कोविडच्या नावाखाली लाकडी कुंड्या ठेवून गल्ल्या बंद केल्या. आधी रस्ता बंद, मग मत सांगा, आणि ‘प्रयोग’ अठरा महिने चालवता येतो. तिथे कुठली पाटी, तर मोटारीच्या डोक्यावर उडणारी मोटारसायकल, म्हणजे मोटार वाहनांना बंदी. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या किती जणांना तिचा अर्थ कळतो ते विचारून बघा. मग शाळेसमोरच्या रस्त्याची सकाळ-दुपारची बंदी आली. मग घरासमोरच्या पार्किंगवरच्या बंधनाची वेळ संध्याकाळी साडेसहावरून रात्री साडेआठवर गेली. सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही घड्याळ दाखवत होतो. माणसं चहा अर्धा टाकून उठली, याची मला आजही लाज वाटते.

मग कौन्सिलच्या वेबसाइटवर जाऊन पाचही व्हिडिओ बघितले. माझीच गाडी, माझाच नंबर, हळू चाललेली, सिग्नल देऊन डावीकडे वळणारी. पाचपैकी तीन व्हिडिओंमध्ये शेवटपर्यंत एकही बस नाही. कुणाचाही खोळंबा केलेला नाही.

लवादाकडे जायचं मी ठरवलंय. नवरा म्हणतो भरून टाक, डोक्याला ताप नको. पण त्या भिजलेल्या कागदाचा फोटो काढलाय, जुन्या पाटीचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये लेकाच्या पहिल्या दिवसाच्या फोटोत मागे सापडला, ४ ते ७ स्वच्छ वाचता येतं. रात्री बसून अर्ज लिहिणार आहे.

शनिवारी पहिलं पत्र आलं, त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारीही मी तिथून गेले होते. ते पत्र अजून यायचं आहे.