तलवार नको, तिचं पातेलं परत द्या

दोनशे पानं वाचून आज पुस्तक बाजूला फेकलं. नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या, पुराणांवरची नवी फॅण्टसी, नायिका कपटी लोकीची बायको सिगिन, म्हणून हौसेने घेतलेलं. आणि बाईंनी ऐन मोक्याला काय करावं? हातातलं भांडं भिरकावलं आणि तलवार उचलली! वर मैत्रिणीचा मेसेज, "कसलं स्ट्राँग कॅरेक्टर आहे ना?"

स्ट्राँग म्हणे.

मूळ गोष्ट अशी. लोकीच्या कपटाने देवांचा लाडका बाल्डर मेल्यावर देव लोकीला धरतात, त्याच्याच पोराच्या आतड्यांनी तीन दगडांवर बांधतात. स्काडी नावाची देवी त्याच्या तोंडावर विषारी साप टांगते. सिगिन शेजारी बसून भांड्यात विष झेलते. भांडं भरलं की ओतायला जावंच लागतं. तेवढ्यात विष तोंडावर पडतं, लोकी तडफडतो आणि धरणी हादरते. भूकंप म्हणतात तो हाच. रॅगनरॉकपर्यंत, म्हणजे जगाच्या अंतापर्यंत, हे असंच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थेट आजी दिसली. लालबागची चाळ, वरचा मजला, कौलं फुटकी. आजोबा अर्धांगाने खाटेवर आणि गळती नेमकी त्यांच्या छातीवर. खाट सरकवायला जागा नाही. पातेलं अंगावर ठेवावं तर श्वासागणिक हिंदकळणार. मग आजी हातात धरून बसायची, कोपर गुडघ्यावर टेकवून. भरलं की मोरीत. तेवढ्यात इकडे आजोबांची बोंब, "मेलो गं!" अख्खी चाळ हादरायची.

त्या बाईला तलवार देणार तुम्ही?

बदल करू नका असं नाही म्हणत मी. गडगडाटाचा देव थोर, त्याची तांबडी दाढी कॉमिकवाल्यांनी १९६२मध्येच उडवली, लोकीची पोरगी हेल सिनेमावाल्यांनी देवांचा राजा ओडिनच्या पदरात घातली. करा. बरं, आइसलंडच्या स्नोरीनेही एडा, म्हणजे या गोष्टींची पोथी, लिहिली ती १२२०च्या सुमारास, आइसलंड ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं झाल्यावर. तोही सांगोवांगीच सांगत होता. मान्य. आणि त्याने सिगिनला जेमतेम चार ओळी दिल्या, हेही मान्य.

पण त्या चार ओळींत भांडं आहे हो! इंग्लंडात गॉसफर्थच्या चर्चच्या आवारात दहाव्या शतकातला दगडी क्रूस उभा आहे. त्यावर बांधलेला पुरुष आणि भांडं धरलेली बाई कोरलीय, ती हीच दोघं असं मानतात. चक्क क्रूसावर! कोणा पाथरवटाला ते भांडं कोरावंसं वाटलं. आमच्या लेखकांना मात्र ते धरणारी बाई बिचारी वाटते. सेवा करणारी ती बावळट, तलवार फिरवणारी तेवढी शूर. डोकं फिरतं माझं.

रागाच्या भरात आत्याला फोन लावला, म्हटलं तू तरी सांग, आजी बिचारी होती का? आत्या हसत सुटली. म्हणाली, "अगं, पातेलं ओतायला एवढा वेळ लागतो होय? मोरीत बशीत चहा ओतून ठेवलेला असायचा तिचा. बाबा बोंबलत असायचे आणि ही फुंकर मारून मारून प्यायची. आम्हाला तोंडावर बोट ठेवून खुणावायची, सांगू नका म्हणून."

इतकी वर्षं मला कोणी हे सांगितलं नव्हतं. दुपारपासून तो चहाच डोक्यात आहे. म्हणजे एखादा भूकंप नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला असेल, तर तेव्हा सिगिन काय करत होती? कोणीतरी ते लिहा की. मी लगेच विकत घेईन, हार्डबाउंडमध्ये.