बघू म्हणणाऱ्यांच्या बांधावर

माझ्या धंद्यात तोंडावर ‘नाही’ म्हणणारं गिऱ्हाईक भेटणं हे भाग्याचं लक्षण. नाही म्हटलं की माणूस सुटतो, गाडीला किक मारतो आणि पुढच्या बांधाला लागतो. पण शेतीची यंत्रं घेणारा माणूस नाही म्हणत नाही. तो ‘बघू’ म्हणतो. पेरणी होऊ दे, बघू. पीक हाती येऊ दे, बघू. भाव कळू दे, बघू. पाऊस लांबला की तो आभाळाकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. पाऊस पडला नाही तर पैसा नाही म्हणून विक्री नाही. फार पडला तर रानात चिखल म्हणून डेमो नाही. आणि बेताचा, वेळेवर, शहाण्यासारखा पडला तर गिऱ्हाईक खुशीत सांगतं, “यंदा जुन्यावरच भागलं की!” महिनाअखेर तेवढी कुठल्याही पावसात वेळेवर येते. आमचं टार्गेट जे ठरवतात त्यांच्या खिडकीतून शेत दिसत नाही.

लोकांना वाटतं, हा यंत्रं विकतो. यंत्राचं काही अवघड नसतं. ते समोर उभं असतं, लाल नाहीतर हिरवं, चकचकीत. अवघड असतात ती समोर नसलेली माणसं. गिऱ्हाइकाचा शेजारी, मेहुणा, शहरातला मुलगा, कर्ज देणाऱ्या बँकेतला साहेब. मी ज्याच्याशी तासभर बोलतो तो बहुतेक वेळा त्यांचा निरोप्या असतो.

उदाहरणार्थ, ट्रॅक्टरचा एचपी, म्हणजे त्याची ताकद किती घोड्यांची ते. मी रीतसर विचारतो, जमीन किती, माती हलकी की भारी, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर केवढा, ट्रेलर ओढायचा का. हिशेब करून सांगतो, “काका, ३५ एचपी पुरे.” काका मान डोलावतात. मग बूट नसलेल्या पायाने माती उकरत हळूच विचारतात, “शेजाऱ्याकडे केवढा आहे?”

“४५.”

“मग ५० दाखवा.”

या एचपीच्या मुळाशी जेम्स वॉट आहे, आणि त्याची अडचण अगदी माझ्यासारखी होती. त्याला वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि समोरचा विचारायचा, माझी घोडी किती वाचतील? तेव्हा त्याने घोड्याचं माप ठरवलं: मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड काम. दिवसभर एवढं ओढणारा घोडा सहजी सापडायचा नाही. म्हणजे त्याने घोडा मोठा धरला आणि स्वतःच्या इंजिनाचे आकडे लहान करून घेतले. विक्रीतल्या माणसाने स्वतःच्या विरोधात माप काढल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पुढे ताकदीच्या एककालाच त्याचं नाव मिळालं. एक एचपी म्हणजे साधारण ७४६ वॉट. तरी आम्ही माहितीपत्रकात एचपीच मोठ्या अक्षरात छापतो. काकांना ३७ किलोवॉट सांगितलं, तर ते विजेचं बिल किती येईल ते विचारतील.

खरी पंचाईत पुढे असते. इंजिनाची ताकद वेगळी आणि मागे पीटीओच्या दांड्याला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्याला, मिळते ती वेगळी, हे सांगावंच लागतं, कारण रोटाव्हेटर त्या दांड्यावर चालतो. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. तेवढ्यासाठी मी लोकांना सैल सदरा घालून जवळ जाऊ नका म्हणून ओरडतही असतो. काकांना फेऱ्यांचं काही नसतं.

“इंजिनाचे ५०, आणि मागे त्याहून कमी? मधले कुठे गेले?”

“गिअरमध्ये, पंपात, घर्षणात.”

“म्हणजे तुम्ही खाल्ले.”

हा संशय अगदीच हवेतला नाही, हे कबूल करायला हवं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मोट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने शंभरेक वर्षांपूर्वी ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. तो मोटारवाल्या हेन्री फोर्डचा नव्हताच. दुसऱ्याच एका कंपनीने फोर्ड आडनावाचा माणूस हाताशी धरून ते नाव लावलं होतं. खऱ्या फोर्डला पुढे आपला ट्रॅक्टर ‘फोर्डसन’ म्हणून विकावा लागला. क्रोझियरचा ट्रॅक्टर काही धड चालला नाही. आपल्याकडचं गिऱ्हाईक अशा वेळी विकणाऱ्याला फोन करून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करतं. हा गृहस्थ थेट विधिमंडळात गेला आणि १९१९ मध्ये त्याने कायदाच करवून घेतला: राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर आधी त्याची चाचणी, आणि कंपनीने सुटे भाग राज्यातच ठेवायचे. १९२० पासून तिथे चाचण्या सुरू झाल्या आणि त्या आजही जगभर मानतात. एका फसलेल्या गिऱ्हाइकाने आम्हा विकणाऱ्यांच्या अख्ख्या जमातीला तराजूत बसवलं. मला त्याच्याबद्दल आदर आहे. फक्त तो माझ्या भागात नाही, याचं समाधानही आहे.

माझ्या भागात चाचणीला डेमो म्हणतात आणि तिला कायदा नसतो. डेमोसाठी काका जे रान निवडतात, ते वर्षानुवर्षं कुणी नांगरलेलं नसतं. हरळी गुडघ्याला, कोपऱ्यात दगड, मधे कुणीतरी कधीतरी पुरलेली तार. चांगलं रान का नाही? “चांगल्यात कुणाचाही चालतो!” बांधावर मंडळी जमतात. एकजण टायरला लाथ घालतो. यातून त्याला काय कळतं ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण लाथ घातल्याशिवाय जगात कुठे ट्रॅक्टर विकला गेला असेल असं वाटत नाही. एकजण नांगराने पाडलेल्या तासात हात घालून वितीने खोली मोजतो. एकजण डोळे मिटून इंजिन ऐकतो आणि शेवटी म्हणतो, “हं.” चाक किंचित फिरलं की सगळे एकदम ओरडतात, “घसरला!” नांगरताना दहा-पंधरा टक्के घसरण चालायचीच, हे मी सीटवरून ओरडून सांगतो. इंजिनाच्या आवाजात त्यांना फक्त ‘घसरण’ ऐकू जाते.

मग डिझेल. किती खातो ते मोजायची काकांची रीत बिनचूक आहे: टाकी गळ्यापर्यंत भरा, एक एकर नांगरा, पुन्हा गळ्यापर्यंत भरा, दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढं खाल्लं. यात खोट एवढीच की डिझेल माझं असतं आणि एकर संपत नाही. “तो कडेचा पट्टा घ्या, म्हणजे नक्की कळेल.” पट्टा झाला की, “तिकडची माती जरा वेगळी आहे, तिथे बघू.” दिवस मावळताना काकांची नांगरणी उरकलेली असते, शेजाऱ्याचीही दोन तासं मी भरात मारून दिलेली असतात, आणि माझा इस्त्रीचा शर्ट त्या मातीचा रंग धरून बसलेला असतो.

डेमोने सौदे होतात, हे मात्र खरं. १९३८ मध्ये हॅरी फर्ग्युसन नावाच्या यंत्रज्ञाने त्याच मोटारवाल्या हेन्री फोर्डला शेतावर आपली थ्री पॉइंट जोडणी चालवून दाखवली. अवजार मागून फरपटत न्यायचं नाही. तीन दांड्यांवर टांगायचं आणि हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबाने, उचलायचं, म्हणजे नांगराचा ओढा मागच्या चाकांना जमिनीवर दाबतो आणि हलका ट्रॅक्टरही नेट धरतो. आज माझ्याकडचा कुठलाही ट्रॅक्टर मागून पाहा, तेच दिसेल. फोर्ड इतका खूश झाला की दोघांनी हातात हात घेऊन सौदा केला, कागदच केला नाही. कागद पुढे झाले, ते कोर्टात. १९५२ मध्ये फर्ग्युसनला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले तेव्हा ते भांडण मिटलं. काकाही कागद करत नाहीत. हात मातीचा म्हणून मनगट पुढे करतात आणि म्हणतात, “मस्त झाला डेमो. बघू.”

यानंतर निघतो तो जुना ट्रॅक्टर, बदलीत द्यायचा. नव्यात बोल्टगणिक खोट काढणारे हेच काका जुन्यापाशी आले की वधूपिता होतात. कधी तक्रार नाही, एकहाती वापर, घरातल्या माणसासारखा सांभाळलेला. तो नेहमी उतारावर उभा असतो. का, तर सेल्फ लागत नाही. ढकलला की चालू होतो. इंजिन किती तास चाललं ते मोजणारा तासमीटर बंद. कधी पडला? “परवाच.” सायलेन्सरमध्ये चिमणीचं घरटं असतं, पण परवाच. मी जिवावर उदार होऊन आकडा सांगतो. काका माझ्याकडे बघत नाहीत. बॉनेटवर हात ठेवून ट्रॅक्टरलाच म्हणतात, “ऐकलंस?” त्या क्षणी मला खरोखर त्या ट्रॅक्टरची माफी मागाविशी वाटते, आणि मी आकडा वाढवतो. वरच्या साहेबांना हे समजावता येत नाही. त्यांनी ट्रॅक्टरची नजर पाहिलेली नाही.

हप्ते, व्याज, जामीन या भानगडींवर काय लिहायचं! यंत्राचे हप्ते महिन्याला येतात आणि पीक हंगामाला, आणि या दोघांची गाठ घालून देणं माझ्या पगारात धरलेलं आहे. कमिशन त्यानंतर. विक्री झाल्यावर तर मीच कस्टमर केअर. ऐन काढणीत मध्यरात्री फोन येतो, “साहेब, खट् झालं आणि थांबलंच.” काय थांबलं, कुठलं यंत्र, कोण बोलतंय, काही नाही. मी अंथरुणातूनच सांगतो, शियर बोल्ट तुटला असेल. तो तुटण्यासाठीच असतो, तो तुटला म्हणून गिअरबॉक्स वाचला. पलीकडे थोडा वेळ शांतता. “तुटण्यासाठी असतो, आणि त्याचेही पैसे घेतले?”

तर त्या काकांनी शेवटी ट्रॅक्टर घेतला. ५० एचपीचाच. माझ्या हिशेबाने, डिझेलने की थ्री पॉइंटने घेतला, असा माझा गोड समज होता. किल्ली घेताना त्यांनीच सांगितलं, “शेजारी म्हणाला, एवढा मोठा तुम्हाला पेलायचा नाही. म्हटलं, थांब.”

परवा त्यांच्या पलीकडच्या शेतातलं एक गिऱ्हाईक जवळजवळ पक्कं झालं. पेन त्यांच्या हातात होतं. म्हणाले, “काकांना एकदा विचारतो, त्यांनी वापरलाय.” मी मनात आनंदलो, पहिल्यांदाच समोर नसलेला माणूस माझ्या बाजूचा होता. फोन स्पीकरवर लागला.

“यंत्र सोन्यासारखं आहे,” काका म्हणाले. “डोळे मिटून घे. पण आधी डेमो घे. आणि आपला बांध एकच आहे, तर त्यांना म्हणावं, माझा पण खालचा तुकडा त्यातच उरकून टाका. आपलं डिझेल कशाला जाळायचं?”